पलीकडच्या काठावरचा पाला

शनिवार, ४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. परवा घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते लेकीकडे गेले की. आठवडा झाला. तुम्हाला माहीत नाही?" मला धक्काच बसला. सख्ख्या बहिणीला पत्ता नाही आणि शेजारणीला सगळं ठाऊक. मी पायरीवरच बसले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि तुझा तिकडचा पत्ताही दिला, म्हणून हे पत्र.

माझं ठीक चाललंय. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून हाताला काम नव्हतं, ते आता बागेतल्या तळ्याच्या मंडळाने भरपूर दिलंय. सगळे अर्ज मीच लिहिते. तळ्यावर काय काय दिसलं त्याची नोंदवही माझ्याच ताब्यात असते.

दादा, एकोणीस वर्षं त्या बागेची झाडं, गवत, नळ तू सांभाळलेस आणि असा न सांगता उठून गेलास. तू म्हणशील, उठून गेलो नाही, उठवला गेलो. तेही खरं. पण मंडळाच्या अर्जात फक्त चौकशी करा एवढंच होतं. माळ्याला कामावरून काढा असं त्यात कुठेही नव्हतं. घाई केली ती बागखात्याने. मंडळातल्या लोकांनाही वाईट वाटलं. मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले, "माणूस कामाला चोख होता."

त्यांच्या संशयाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला ते माहीतच आहेत. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अजून हाती शिट्टी आणि खिशात तीन पेनं. जमलं तर कासवांनाही टोकन देऊन रांगेत बसवतील. कोणीतरी मुंगूस पाहून पाणमांजर लिहिलं, तेव्हापासून त्यांनी नियमच केला : रविवारी सकाळी सात ते आठ या वेळात दोघांनी मिळून पाहिलं तरच वहीत जाईल. एरवी कोणी प्रत्यक्ष हत्ती पाहिला तरी तो नाही. नियम वाईट नाही. त्यामुळेच तर आकडे पक्के आहेत. जानेवारीत तेवीस कासवं, मार्चमध्ये सतरा, एप्रिलच्या पहिल्या रविवारी चार, चौदा तारखेला एकही नाही. असा आकडा पाहिल्यावर कोणालाही चोरीचाच संशय येणार. त्यात दोघांनी तुला संध्याकाळी पलीकडच्या काठावर ओली गोणी घेऊन वाकलेला पाहिलं होतं.

तू तरी नीट समजावून सांगायचंस. सगळे गोल उभे राहून विचारत होते, तेव्हा तू काय म्हणालास? "कासवं कुठे जात नाहीत. चिखलात बसलीत." एवढं बोललास आणि फावडं उचलून चालू लागलास. शिकलेल्या लोकांना पुरावा लागतो रे. तोंड उघडायला तुला जसा काही कर पडतो.

आणि मी काही बोलले असते तर लोकांनी विचारलंच असतं, तुम्हाला एवढा पुळका का. असो.

बातमी चांगली आहे. तळं बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची, हे खात्याच्या मनात आहेच. घाण तळं बुजवणं सोपं, स्वच्छ तळं बुजवणं अवघड, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून आम्ही तळ साफ करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. कासवं गेली ती गेली, निदान तळं तरी राहील. अठरा तारखेला पोकलेन येणार आहे. पाणी आटलेलं आहे, दोन दिवसांत सगळा गाळ निघेल.

वहिनींना नमस्कार. त्या माझ्यावर रागावल्या असतील तर त्यांना सांग, मी... ते भेटीतच बोलू. भाचीला आशीर्वाद. एकदा फोन उचल.

तुझी,
बारकी

*

शनिवार, १८ मे, दुपार

दादा,

खुशाली पुढच्या वेळी विचारेन. अक्षर कसंही येईल.

सकाळी फोनवर वहिनींना जेमतेम चार वाक्यं सांगता आली. सगळं तुला कळायला हवं आणि ते माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून घरी येऊन हात धुतले आणि लिहायला बसले. नखांत चिखल आहे अजून.

आठ वाजता आम्ही अठरा जण जमलो होतो. हातमोजे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, साहेबांची शिट्टी. पोकलेनने अलीकडच्या काठापासून सुरुवात केली. पहिला घास चिखलाचा, दुसरा चिखलाचा. तिसरा ट्रकमध्ये ओतला तेव्हा खडखड आवाज झाला. साहेब म्हणाले, "बघा, तळाला दगड लागले." आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, दादा. मीसुद्धा.

पाचव्या की सहाव्या वेळी पोकलेन चालवणारा स्वतःच थांबला. यंत्र बंद करून खाली उतरला, त्या पंजाजवळ जाऊन वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे दगड नाहीत."

पंजाच्या दातांमध्ये एक कासव होतं. अर्धं. पुढचे दोन पाय हलत होते.

यंत्र केव्हाच बंद झालं होतं, तरी साहेब शिट्टी फुंकतच राहिले. कोणीतरी त्यांचा हात धरून खाली केला. मग आम्ही सगळे चिखलात उतरलो आणि हातांनी उकरू लागलो. डॉक्टर, मास्तर, साहेब, सगळे गुडघ्यांवर. ट्रकमधला गाळ ताडपत्रीवर ओतून घेतला. वीतभर खाली, दोन विती खाली, जिथे हात घालू तिथे कवच. रोज सकाळी आम्ही ज्या काठावर उभे राहून दुर्बिणी लावत होतो, तिथे पायाखालीच ती होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. फक्त इथे कळसा आम्ही आमच्याच हातांनी फोडला.

पलीकडच्या काठावर मात्र वेगळंच होतं. तिथे वरून सुकलेल्या, आत अजून ओल धरून असलेल्या पाल्याचा जाड थर होता, त्यावर तुझ्या गोण्या. आम्ही तो कचरा समजून आधी तोच उचलणार होतो. मजूर उशिरा आले म्हणून राहिला. थर बाजूला केला तर खालचा चिखल लोण्यासारखा मऊ आणि त्यात बारा कासवं, सगळी जिवंत, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. त्या गोणीतून तू काय नेत होतास ते मला तेव्हा कळलं. चिखल वाळून कडक होऊ नये म्हणून तू रोज संध्याकाळी पाला भिजवून टाकत होतास. आणि आम्ही रविवारचा नियम मोडून वहीत लिहिलं होतं, "माळी, ओली गोणी, संशयास्पद."

शेवटी मोजणी केली. नियमाप्रमाणे दोघांनी मिळून. जिवंत चौदा, मेलेली नऊ. एकूण तेवीस.

दादा, जानेवारीतही तेवीसच होती. एकही कमी झालेलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं ऐकलं होतं, इथे तर चोरच नव्हता.

साहेब ताडपत्रीच्या कडेला बसले. म्हणाले, "त्या माळ्याने सांगितलं होतं. आपल्याला सांगितलं होतं त्याने." मग म्हणाले, "त्यालाच विचारायला हवं या चौदांचं काय करायचं. कोणाकडे त्याचा पत्ता आहे का?"

तेव्हा मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, "मी बघते कुठे मिळतो का." आणि अवजारांच्या खोलीमागे जाऊन, कोणाला ऐकू जाणार नाही असं बघून, वहिनींना फोन लावला.

समोर नऊ मेलेली कासवं पडली होती आणि मी अजून लपत होते. आता हे कागदावर आलंय, तर वाचून माझाच विश्वास बसत नाही.

वहिनींनी या वेळी फोन उचलला. तू मागे होतास, मला आवाज येत होता. तू वहिनींना सांगायचास आणि वहिनी मला, एकाच खोलीतून. "ओल्या पोत्यावर ठेवा म्हणावं, सावलीत. दुखावलेल्या दोघांना पाण्यात सोडू नका म्हणावं. पलीकडच्या काठाला हात लावू नका. पाला परत घाला." मी विचारलं, "दादा काही बोलतोय का?" वहिनी म्हणाल्या, "एवढंच बोलले." आणि फोन ठेवला. तू आमच्यावर ओरडला असतास तर बरं झालं असतं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. यंत्र परत पाठवलं. बारा जिथली तिथे झाकली. जखमी दोघं माझ्या न्हाणीघरात ओल्या पोत्यावर आहेत. एकाच्या कवचाला तडा गेलाय, ते मान बाहेर काढतच नाही.

एक गोष्ट आणखी. तुला माहीत नाही ती. दहा एप्रिलला, बुधवारी, दवाखान्यातून येताना मी तळ्याकडून आले होते. अलीकडच्या काठावर एक कासव चिखलात शिरताना मी पाहिलं. मागचा भाग तेवढा बाहेर होता. मी तिथे उभी राहून ते पूर्ण खाली जाईपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर चिखल सपाट झाला होता, वाळून भेगा पडत होत्या. बुधवार होता, मी एकटीच होते, म्हणून वहीत लिहिलं नाही. आणि चौदा तारखेला सगळे तुला गोल घेरून विचारत होते, तू "चिखलात बसलीत" म्हणालास, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच कासव होतं. मी मूग गिळून उभी राहिले.

आणि ते पाहिलं नसतं तरी मला माहीत होतं. मी सात वर्षांची असताना विहिरीमागच्या डबक्यात माझा हात कोपरापर्यंत चिखलात घालून तूच दाखवलं होतंस. थंडगार पाठ होती आणि हाताखाली काहीतरी हललं. मी किंचाळले तर तू तोंडावर हात ठेवलास. म्हणालास, "उठवू नकोस. केव्हा उठायचं ते त्याला कळतं."

बाकी सांगायचं आहे ते आज लिहवत नाही.

बारकी

*

सोमवार, ३ जून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना, भाचीला नमस्कार. तू परत पाठवलेली नाहीस म्हणजे दोन्ही पत्रं मिळाली असं समजते.

तडा गेलेलं कासव काल सकाळी मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होतं. मीही बघत बसले. चहा गार झाला. दुसरंही तग धरून आहे. पलीकडच्या काठावर रोज एक जण पाला भिजवतो, आम्ही पाळ्या लावल्यात. साहेबांनी त्यांच्या पाळीचे दिवस मुद्दाम जास्त घेतलेत. शिट्टी आणत नाहीत.

आता राहिलेलं.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मंडळात आले तो रविवार तुला आठवत असेल. साहेब तुला म्हणाले होते, "अहो माळी, तो नळ बंद करा आधी." आणि तू माझ्याकडे बघून हसलास. साहेबांनी मला विचारलं, "ओळखता का याला?" सगळे चांगल्या कपड्यांतले, इंग्रजी नावं घेऊन पक्षी ओळखणारे. मी म्हटलं, "इथेच पाहिलंय कधीतरी." तू नळाकडे जाताजाता म्हणालास, "मॅडम येतात ना फिरायला."

तेव्हापासून मी मॅडम. तुझ्या घरी जेवायला आले की तू वाढताना विचारायचास, "आणखी घेणार का, मॅडम?" आपण दोघंही हसायचो. वहिनी कधी हसल्या नाहीत. मला वाटायचं त्यांना थट्टा कळत नाही.

माझी फी भरता यावी म्हणून तू आठवीत शाळा सोडलीस. पाटीवर माझी अक्षरं गिरवून घेतलीस. ग्रंथालयात मला काम लागलं ते अक्षरावर. आणि ज्याच्या हाताने मी लिहायला शिकले त्याला मी सहा वर्षं "इथेच पाहिलंय कधीतरी."

काल मोजणी संपल्यावर मी सगळ्यांना थांबवलं. बुधवारचं कासव सांगितलं. मग म्हटलं, "आणि तो माळी माझा सख्खा थोरला भाऊ आहे." कोणाला वाटलं मी भावनेच्या भरात म्हणतेय, भावासारखा वगैरे. मला पुन्हा सांगावं लागलं. "एकाच आईच्या पोटचे आहोत." डॉक्टरांच्या हातातली दुर्बीण खाली आली. साहेब एवढंच म्हणाले, "सहा वर्षं?" त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सोसला असता. एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसे ते बघत होते.

आज सकाळी तक्रार मागे घ्यायला बागखात्यात गेले. तिथला कारकून शांत माणूस आहे, चष्म्याला दोरी लावलेली. त्याने फाईल काढून माझ्यासमोर उघडली. वर मंडळाचा अर्ज. माझ्या अक्षरातला. दादा, खरं सांगते, अर्ज लिहिताना हा कधी तुझ्या हातात पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. अर्ज खात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो, तो हुकूम काढतो, एवढंच मला माहीत. चौकशीच्या वेळी तो माणसाला वाचायला देतात हे मला आज कळलं.

खाली तुझा जबाब होता. छापील प्रश्न आणि पुढे तुझी मोठी मोठी तिरकी अक्षरं. आरोप मान्य आहे का? "नाही." कासवं कुठे आहेत? "चिखलात. पाणी वाढलं की वर येतील." गोणीत काय होतं? "ओला पाला."

चौथा प्रश्न : तुमच्या बाजूने बोलेल असं मंडळात कोणी आहे का?

"कोणी नाही."

मी त्या दोन शब्दांवरून नजर हलवू शकले नाही. कारकून म्हणाला, "मी त्यांना म्हटलं होतं, एवढे लोक रोज येतात, कोणीतरी ओळखीचं असेलच की. नाव दिलंत तर चौकशी थांबेल. तर ते तो अर्ज हातात धरून बराच वेळ बसले. मला वाटलं वाचायला वेळ लागतोय."

मी विचारलं, "मग?"

"मग म्हणाले, अक्षर छान आहे. आणि लिहिलं, कोणी नाही."

दादा, तुला माहीत होतं. त्या टेबलाशी बसल्या बसल्या तुला माहीत होतं. माझं नाव घेतलं असतंस तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं आणि एकोणीस वर्षांचं कामही वाचलं असतं. नऊ कासवंही वाचली असती. तू माझी मॅडमकी वाचवलीस. आणि मी चार मेला तुला लिहिलं, तोंड उघडायला कर पडतो का. ते वाक्य वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल ते मी आज दिवसभर डोळ्यांपुढे आणतेय.

मी कारकुनाला म्हटलं, "चौथ्या उत्तराखाली मला लिहायचंय." तो म्हणाला, "दुसऱ्याच्या जबाबात लिहिता येत नाही हो. वेगळा जबाब द्या, मागे जोडतो." तसा दिला. दहा एप्रिल लिहिलं, चौदा एप्रिल लिहिलं, गोणीत काय होतं ते लिहिलं. शेवटी एक रकाना होता : सदर व्यक्तीशी नातं. तिथे पेन टेकवलं आणि इतकं रडू आलं की कारकून खिडकी उघडायला उठून गेला. "सख्खी बहीण" लिहिलं. शिक्का मारून त्याने ते तुझ्या कागदाला टाचलं. सायंकाळी खात्याचा फोन आला, तुझ्या जागेवर अजून कोणाला घेतलेलं नाही, तुला हवं असेल तर कामावर ये म्हणून पत्र निघेल.

मी ये म्हणत नाही. तो हक्क मी घालवलाय. तू लेकीकडे सुखात असशील तर तिथेच राहा. फक्त एक विचारते, तेही कासवांसाठी. पलीकडच्या काठावरचा पाला केव्हा काढायचा, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. वहीत तसा नियम नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या दादाला विचारते." सहा वर्षांत पहिल्यांदा.

उत्तर वहिनींकडून आलं तरी चालेल. त्यांना सांग, थट्टा मलाच कळत नव्हती.

जिथे तू "कोणी नाही" लिहिलंस, त्याच्याच मागच्या कागदावर, सव्वा महिना उशिरा,

तुझी सख्खी बहीण,
बारकी